दुःखकाळाचा सतरावा दिवस

लीड्समध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं परवा मला लिहून विचारलं: "टीचर, इथं रविवारच्या मिस्साला चाळीसेक माणसं असतात, त्यातली तीस तरी साठीच्या पुढची. मागच्या रस्त्यावरच्या चर्चचे फ्लॅट झाले. ऑफिसात देव मानणारी मी एकटीच. नवरा हल्ली येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मम्मी, इथं कुणीच जात नाही, मग आपणच का जायचं? वसईत असताना श्रद्धा टिकवावी लागते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इथं ती टिकवायची कशी?"

बाळा, मी ३४ वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, त्यातल्या एका बाकावर तूही होतीस. शिवाय मुलीच्या बाळंतपणाच्या आणि नंतर नातवाच्या निमित्तानं मी मँचेस्टरला दोन हिवाळे काढलेत, त्यामुळे तू सांगतेस ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उत्तर लांबणार आहे. सवडीनं वाच.

तुला वाटतंय तो भास नाही, हे आधी मान्य करू. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. 'कोणताही धर्म नाही' असं लिहिणारे २५.२ टक्क्यांवरून ३७.२ वर गेले. जनगणनेत तिथले ख्रिस्ती निम्म्याच्या खाली येण्याची ही पहिलीच वेळ. यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं चर्चमध्ये गेले नव्हते, फक्त फॉर्मवर आजोबांचा धर्म लिहीत होते. आता तेवढंही लिहीत नाहीत. इकडची माणसं तुला सांगतील की आफ्रिकेत चर्च वाढतंय, काळजी करू नकोस. खरं आहे ते. पण पावसात कोट चढवून रिकाम्या बाकांकडे चालत जाणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

लोक का गेले, यावर आपल्याकडच्या प्रवचनांत एक सोपं उत्तर असतं: पैसा आला, ऐषआराम आला, देव नकोसा झाला. मला ते पुरेसं वाटत नाही. आयर्लंडमध्ये २००९ साली दोन मोठे चौकशी अहवाल आले. धर्मसंस्थांच्या छायेत मुलांवर अत्याचार झाले आणि वरच्यांनी ते झाकून ठेवले, हे त्यात पानोपानी आहे. इंग्लंडमध्येही चौकशी आयोगानं २०२० मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन दोन्ही चर्चवर कडक ताशेरे ओढले. कितीतरी माणसं देवावर रागावून गेलेली नाहीत, आपल्यावर रागावून गेली आहेत. ऑफिसात कुणी हा विषय काढला तर चर्चची वकिली करू नकोस. "खरं आहे, आणि मला त्याची लाज वाटते," एवढं म्हण. ज्या मुलांचं आयुष्य नासलं त्यांच्या बाजूला उभं राहणं हेही आपल्या श्रद्धेतच येतं.

आता तू ज्याला एकटेपणा म्हणतेस त्याकडे वळते.

वर्गात मी तुम्हाला एलिया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली होती, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या १९ व्या अध्यायातली. जीव मुठीत धरून रानात पळतो, झुडपाखाली आडवा होतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुढे होरेब डोंगरावर तो दोनदा एकच तक्रार करतो: मी एकटाच उरलो आहे. तेव्हा मी तुम्हाला शेवटचं वाक्य पाठ करायला लावलं होतं, की बआल या परक्या देवापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. आज शिकवलं असतं तर त्याच्या आधीचं वाक्य पाठ करून घेतलं असतं. 'मी एकटा' या तक्रारीला देवानं आधी दिलेलं उत्तर म्हणजे तीन कामं आहेत: परत जा, हजाएलला अभिषेक कर, येहूला कर, अलीशाला कर. सात हजारांचा उल्लेख त्यानंतर येतो. आधी जेवण, झोप, मग काम, आणि मग संख्या. वसईत आपण हा क्रम उलटा लावून बसलो होतो. चर्च भरलेलं, म्हणून आपण विश्वासू. गर्दीच्या अंगावर टेकून उभं राहिलेल्या माणसाला आपले पाय किती भक्कम आहेत हे कळतच नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला मला माहीत आहे तो जपानचा, आणि त्याचा एक धागा आपल्या गावापर्यंत येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोन्सालो गार्सिया तुला माहीत आहे. किल्ल्यात त्याच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च आहे, गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. वसईत जन्मलेला हा मुलगा पोरवयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षकाचं काम केलं. संघात प्रवेश मिळाला नाही म्हणून व्यापारात पडला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. फादर तो कधीच नव्हता. दुभाषा म्हणून परत जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं त्यात तो होता. इथपर्यंत आपण दरवर्षी त्याच्या सणाला ऐकतो. त्यानंतर काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६४४ मध्ये शेवटचा उरलेला फादरही मारला गेला. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं त्या देशात मिस्सा नाही, कम्युनियन नाही, कन्फेशन नाही. आपण ख्रिस्ती नाही हे पटवायला येशूच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय देऊन दाखवावा लागे. नकार देणारा पकडला जाई. पुष्कळांनी पाय दिला आणि घरी जाऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. कन्फेशनला फादर नसेल तर मनापासून पश्चात्ताप कसा करायचा, हे सांगणारी एक छोटी पुस्तिका त्यांच्याकडे जुन्या काळातली होती, तिच्या नकला हातानं लिहून ठेवल्या जात. त्या लोकांना भेकड म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

नागासाकीजवळच्या उराकामीसारख्या गावांत या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी कामं वाटून घेतली होती. एकाकडे पंचांग: कोणता सण कधी, उपवास कधी, हे मोजून ठेवायचं. एकाकडे बाप्तिस्म्याचं पाणी. एकाकडे निरोप्याचं काम, घराघरांत तारीख पोचवायची. एवढंच. यांच्यातला कुणीही धर्मशास्त्र शिकलेला नव्हता. बाप मेला की काम दुसऱ्यानं उचलायचं.

मग परदेशी लोकांसाठी म्हणून नागासाकीत ओउरा इथं एक चर्च बांधलं गेलं, आणि ते त्याच २६ हुतात्म्यांच्या नावानं, म्हणजे आपल्या गोन्सालोच्याही नावानं. १७ मार्च १८६५ ला, शुक्रवारी, उराकामीची काही माणसं दाराशी येऊन उभी राहिली. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ आत प्रार्थना करत होते. एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठं आहे? मूर्ती पाहिल्यावर ती माणसं आपले सण सांगू लागली आणि म्हणाली, आता आमच्या दुःखकाळाचा सतरावा दिवस चालू आहे.

हे वाचलं त्या रात्री मी वही घेऊन हिशोब केला होता. १८६५ साली ईस्टर १६ एप्रिलला आला. म्हणजे राखेचा बुधवार, ज्या दिवशी ईस्टरआधीचा हा दुःखकाळ, आपला उपवासकाळ, सुरू होतो, तो १ मार्चला. तिथून बोटं मोजत आलं की १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. दोनशे वर्षं फादर नाही, छापलेलं कॅलेंडर नाही, चर्चची घंटा नाही, आणि ईस्टर तर चंद्रावर ठरतो, दरवर्षी हलतो. तरी एका दिवसाचीसुद्धा चूक नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडले होते.

त्यांच्यापुढचं संकट तेवढ्यानं संपलं नाही. बातमी फुटली, धरपकड झाली, उराकामीच्या सुमारे ३४०० माणसांना देशभर हद्दपार केलं. त्यातली सहाशेहून अधिक मेली. १८७३ मध्ये बंदी उठली तेव्हा उरलेले परत आले.

तू म्हणशील, टीचर, मला कुणी छळत नाही, माझा अपमानसुद्धा कुणी करत नाही. बरोबर. तुझ्या वाट्याला आली आहे ती बेफिकिरी, आणि ती वेगळ्या तऱ्हेनं अवघड आहे. छळणारा निदान आठवण करून देतो की हे काहीतरी मोलाचं आहे. तुझ्याकडे शनिवारी रात्री उशीर होतो, रविवारी मुलाची फुटबॉल मॅच असते, पाऊस असतो, आणि एक रविवार चुकला तर आभाळ कोसळत नाही. तिसरा चुकला तरी नाही. म्हणूनच मला त्या लोकांचा धीटपणा तुझ्यापुढे ठेवायचा नाही, पंचांग ठेवायचं आहे. 'माझी श्रद्धा टिकते आहे का' हे ते रोज उठून मनात तपासत बसले असते तर दुसऱ्या पिढीतच संपले असते. त्यांच्याकडे ठरलेल्या दिवसाचं ठरलेलं काम होतं आणि त्या कामाची वाट पाहणारं दुसरं घर होतं.

तेव्हा पहिलं काम: घरात कॅलेंडर लाव, आणि ते पाळणारी व्यक्ती तू हो. मोबाइलमधलं नको, भिंतीवरचं, मुलाला दिसेल असं. आगमनकाळ सुरू झाला की टेबलावर मेणबत्ती. राखेच्या बुधवारी कामावर जाण्याआधी किंवा नंतर राख लावून घ्यायची, कपाळावर असू दे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन नाही. ऑफिसात कुणी डबा पुढे केला तर "आज आमचा उपवास" इतकं सरळ सांगायचं, आणखी व्याख्यान नको. मे आणि ऑक्टोबरला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आपल्या वाडीतल्या क्रुसापाशी मे महिन्यात संध्याकाळी सगळी घरं जमायची आठवतंय? पोरं डास मारत, पेंगत बसायची. तुझ्या दिवाणखान्यात तीन माणसं असली तरी तीच रोझरी आहे. एकच दशक, दहा 'नमो मारियां'चं, म्हण, पण रोज म्हण.

मात्र एक धोका आहे, तोही जपानच्याच गोष्टीत आहे. बंदी उठल्यावर सगळे लपलेले ख्रिस्ती चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या काही घराण्यांनी आपले जुने विधी तसेच चालू ठेवले. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होत आल्या, शब्द झिजले, अर्थ हरवला. आज ते म्हणणारी माणसं अगदी थोडी राहिली आहेत. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण माझी आजी आठवते. ती लॅटिनमध्ये लितानी म्हणायची आणि आम्ही मागून "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) ओरडायचो. आजीला त्याचा शब्दशः अर्थ माहीत नव्हता, तरी तिचा विश्वास डोंगराएवढा होता. आमच्यापर्यंत मात्र नुसता आवाज आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा मी बहुधा शाळेत होते, आणि पहिल्यांदा फादर काय म्हणतात ते कळलं. म्हणून तुझ्या मुलाबरोबर प्रार्थना करताना भाषेचा हट्ट धरू नकोस. एक 'नमो मारिया' मराठीत असू दे, आजीआजोबांसाठी. बाकी ज्या भाषेत तो भांडतो आणि स्वप्नं पाहतो त्या भाषेत. आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांग. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हण. मी वर्गात हे वाक्य म्हणायला फार उशिरा शिकले. त्याआधीच्या मुलांची मला माफी मागावीशी वाटते.

मुलानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. "इथं कुणीच जात नाही, मग आपण का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, चांगला आहे. त्याला खरं उत्तर दे, तुझं स्वतःचं. "कारण मला मरणाची भीती वाटते तेव्हा मी येशूशी बोलते" हे खरं असेल तर तेच सांग. "आपली परंपरा आहे" म्हणू नकोस. तेरा वर्षांच्या मुलाला परंपरा म्हणजे दुसऱ्यांची गोष्ट वाटते. आणि एका शनिवारी त्याला घेऊन यॉर्कला जा, ट्रेननं अर्ध्या तासाचा प्रवास. शॅम्बल्स नावाची अरुंद जुनी गल्ली आहे, तिथं मार्गारेट क्लिदरोचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. खाटकाची बायको, मुलाबाळांची आई. बंदी असताना कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिला म्हणून पकडली. खटला चालला असता तर पोटच्या मुलांना साक्षीला उभं केलं असतं, म्हणून तिनं आरोपाला उत्तरच दिलं नाही. २५ मार्च १५८६ ला तिला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारलं. तो ज्या देशाला 'इथं कुणीच' म्हणतो आहे, तिथंच हे घडलेलं आहे. तिथं उभं राहून काही बोलू नकोस. बाहेर येऊन त्याला काहीतरी खायला घाल.

किती वयापर्यंत जबरदस्ती करायची, हेही तुला विचारायचं असेल. माझं मत असं: शाळेत जायचं की नाही हे जोवर त्याला विचारत नाहीस, तोवर रविवारचंही विचारू नकोस. पण दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः पक्का करण्याच्या विधीचा, निर्णय त्याचा. तो नको म्हणाला तर थांब, रडारड नको, "लोक काय म्हणतील" तर मुळीच नको. मी नात्यांच्या दबावाखाली दृढीकरण घेतलेली पुष्कळ मुलं पाहिलीत. फोटो छान येतात. पुढच्या रविवारी बाक रिकामा.

नवऱ्याबद्दल फार बोलत नाही. त्याच्यापुढे रुसून चर्चला जाऊ नकोस आणि परत आल्यावर प्रवचनाचा सारांश ऐकवू नकोस. सणाला आपले तळलेले फुगे कर, दोघं मिळून खा. तो का येईनासा झाला हे त्याला एकदा मनापासून विचार आणि मधे न बोलता ऐक.

आता कोरडेपणाचं. ते तू लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधे दिसलं. मिस्साला जातेस आणि काहीच वाटत नाही, असंच ना? आमचे हे गेले त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला काहीही वाटलं नाही. प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण टीचरनं असं कसं म्हणायचं? पण रविवारी सकाळी साडेआठला बावीस मुलं वर्गात येऊन बसायची आणि खडू माझ्याकडे होता. त्या बावीस मुलांसाठी मी गेले. देवासाठी गेले असं मला त्या दिवसांत प्रामाणिकपणे म्हणता आलं नसतं. मग एका रविवारी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, टीचर, येशूनं मेलेल्यातून उठवलेला लाजरस परत मेला असेल ना? आणि उत्तर देता देता माझा आवाज फुटला आणि मला कळलं की मी भिंतीशी बोलत नाहीये. तारीखही लक्षात नाही. तुझ्या बाबतीत ते कसं आणि कधी होईल हे मला सांगता येणार नाही, पण तोवर हातात खडू असणं फार उपयोगाचं असतं.

म्हणून दुसरं आणि शेवटचं काम. मँचेस्टरला मी सकाळच्या मिस्साला जायचे ते चर्च थंडगार. बोलताना तोंडातून वाफ यायची. नऊ-दहा जण. हीटर फक्त डाव्या बाजूचे लावायचे, बिल परवडत नाही म्हणून. म्हणून सगळे डावीकडेच बसायचो, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल असे. चर्चची चावी एका ऐंशीच्या आसपासच्या आयरिश बाईंकडे होती, हिरव्या फितीत ओवलेली, कोटाच्या आत गळ्यात. अर्धा तास आधी येऊन त्या दार उघडायच्या, हीटर लावायच्या, वेदीवरची मेणबत्ती पेटवायच्या आणि मागच्या बाकावर बसून एका छोट्या वहीत त्या दिवशी कोण आलं ते लिहायच्या. मला वाटलं हिशोबाची वही असेल. जानेवारीत मला ताप आला, दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या दाराची बेल वाजली. बाई बाहेर उभ्या, हातात वही. म्हणाल्या, तुमच्या नावापुढे दोन दिवस रिकामे आहेत.

बाईंनी उराकामीचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या दाराशी उभ्या होत्या तेव्हा मला त्या पंचांग राखणाऱ्या माणसाचीच आठवण झाली.

तुझ्या चर्चमध्येही अशी कुणीतरी असणार, आणि तीही थकलेली असणार. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच निघू नकोस. चावी कुणाकडे असते ते विचार, आणि आठवड्यातला एक दिवस तिच्याकडून मागून घे. मुलाला हीटर लावायला ने. कोणता वार मिळाला ते मला कळव, म्हणजे त्या वारी तुझ्याकडे सकाळ असताना मी इथून तुझ्यासाठी रोझरी म्हणेन. आपल्याकडे तेव्हा दुपार असेल.